खुर्ची राखून ठेवलेली आहे

मुंबईत खुर्चीवरून भांडणं फक्त मंत्रालयात होतात असा कुणाचा समज असेल, तर त्याने शहराच्या मैदानांचा इतिहास चाळावा. १९३७ साली चर्चगेटला समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबर्न स्टेडियम उभं राहिलं. क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे सीसीआयचं, ते घर. हिंदू, पारशी, मुसलमान आणि युरोपियन यांच्या चौरंगी सामन्यांत ‘द रेस्ट’ हा पाचवा संघ त्याच वर्षी यायचा होता आणि पहिले पंचरंगी सामने याच नव्या मैदानावर व्हायचे होते. त्यासाठी कोणत्या जिमखान्याला किती जागा द्यायच्या, यावरून वाजलं. आपल्या सभासदांना मिळणाऱ्या खुर्च्या फार थोड्या आहेत, असं हिंदू जिमखान्याचं म्हणणं होतं. तडजोड झाली नाही आणि हिंदूंनी संघच मागे घेतला. पहिल्याच वर्षी पंचरंगीचा एक रंग कमी झाला, तोही एका चेंडूवरून नव्हे, खुर्च्यांवरून.

पुढे पस्तीस वर्षांनी याच वादाची मोठी आवृत्ती निघाली. मैदान सीसीआयचं आणि कसोटी भरवायची मुंबई क्रिकेट संघटनेने, अशी ही दोन चुलींची व्यवस्था होती. संघटनेला आपल्या संलग्न क्लबांसाठी जास्त जागा हव्या होत्या आणि सीसीआयला आपल्या सभासदांच्या खुर्च्या सोडायच्या नव्हत्या. त्यात संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे हे राजकारणातलं बडं प्रस्थ, विधानसभेचे अध्यक्ष. आमदारांच्या सामन्यासाठी मैदान मागायला गेलेल्या वानखेडेंना सीसीआयतर्फे विजय मर्चंट यांनी नकार दिला, ही गोष्ट मुंबईच्या क्रिकेट वर्तुळात अजून रंगवून सांगतात. ब्रेबर्नपासून किलोमीटरभरही दूर नसलेल्या जागेवर, वास्तुविशारद शशी प्रभू यांच्या आराखड्याप्रमाणे, नवं वानखेडे स्टेडियम झपाट्याने उभं राहिलं. जानेवारी १९७५ मध्ये तिथे पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या आणि त्याचं अभिनंदन करायला धावलेल्या प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं म्हणून स्टँडमध्ये दंगल उसळली. एका शहरात, एका रेल्वे स्टेशनच्या अंतरात, दोन कसोटी मैदानं. जगात असं क्वचितच कुठे सापडेल. मुळाशी प्रश्न एकच होता: राखीव खुर्च्या कुणाच्या?

त्या खुर्च्यांवर प्रत्यक्षात कोण बसायचं, हा भाग तितकाच मनोरंजक आहे. कसोटीचं सीझन तिकीट पाच दिवसांचं असे. दर दिवसाचा तुकडा दारावर फाडून घेत. मध्यमवर्गीय घरात असं एक तिकीट आलं की त्याची वाटणी व्हायची. पहिला दिवस ज्याने पैसे भरले त्याचा, शनिवार मामाचा, रविवार अर्थातच घरातल्या सर्वांत हट्टी मुलाचा. पाचव्या दिवशी सामना रडतखडत अनिर्णित होणार असं दिसलं, तरी ऑफिसात आजारपणाचा अर्ज टाकून कुणीतरी जायचंच. तिकीट वाया घालवणं हे पाप होतं. रिकाम्या दिसायच्या त्या जागा दुसरीकडच्या, सभासदांच्या आणि पाहुण्यांच्या. तिथे सावली होती, चहा होता, वेताच्या खुर्च्या होत्या आणि म्हणूनच उशिरा येण्याची मुभा होती.

ही तऱ्हा बदलली नाही, फक्त महाग झाली. २ एप्रिल २०११ च्या विश्वचषक अंतिम सामन्याला वानखेडेची क्षमता ३३ हजारांच्या आसपास होती. त्यातली सर्वसामान्यांना विकायला काढलेली तिकिटं ४ हजारांच्या घरात. बाकीची संलग्न क्लब, आयसीसी, प्रायोजक आणि ‘वरून आलेले फोन’ यांच्यात संपली.

हे झालं क्रिकेटचं, जिथे खुर्ची कमी आणि मागणारे फार. फुटबॉलची मुंबईतली कहाणी दुसऱ्या टोकाने जाते. ज्या १९३७ साली ब्रेबर्नवर खुर्च्यांवरून रुसवेफुगवे चालले होते, त्याच साली तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, कूपरेज मैदानावर, बंगळूर मुस्लिम्स या संघाने रोव्हर्स कप जिंकला. १८९१ पासून चालत आलेली ही स्पर्धा तोवर गोऱ्या पलटणींची मक्तेदारी होती. १९२३ साली मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत आलं, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. बंगळूरच्या पोरांनी ही मक्तेदारी मोडली तेव्हा कूपरेजवरच्या प्रेक्षकाला नवीच चव लागली. १९४० मध्ये मोहमेडन स्पोर्टिंगने कप नेला. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो हातचा सोडला नाही. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. अजय देवगणच्या ‘मैदान’मुळे आता हे नाव फुटबॉल न बघणाऱ्यांनाही ठाऊक झालं आहे.

कूपरेजचा प्रेक्षक कुठल्या जिमखान्याच्या यादीत नव्हता. मोहमेडन आलं की भेंडीबाजार, मदनपुऱ्यातून माणसं निघत. गोव्याचे संघ आले की धोबीतलावच्या कुडांमध्ये, म्हणजे गोवेकरांच्या वसतिगृहांत, उतरलेले खलाशी, वांद्रे नि माझगावचे ख्रिस्ती तरुण येत. कोलकात्याच्या संघांसाठी शहरातला सारा बंगाली जमायचा. दिलीपकुमारसारख्या नटाला फुटबॉलचं वेड होतं, आणि पडद्यावरचे खलनायक प्राण यांनी तर पन्नासच्या दशकात स्वतःचा डायनॅमोज नावाचा संघ पोसला. तिकीट त्या दिवशीचं, त्या सामन्यापुरतं. ज्याला बघायचं होतं तो पैसे मोजून आत जायचा. ज्याला बघायचं नव्हतं त्याच्या नावावर खुर्चीही नव्हती. रिकाम्या जागेचा प्रश्न उद्भवतच नसे, कारण न येणाऱ्याची जागा कुणी धरूनच ठेवत नव्हतं.

मुंबईचे स्वतःचे संघ होते ते कचेऱ्यांचे आणि कारखान्यांचे. टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, बँका. १९५८ चा रोव्हर्स कप जिंकला तो कॅलटेक्स या तेल कंपनीच्या संघाने. मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करून १९५६ साली गाजलेला नेव्हिल डिसूझा हा याच कंपनी फुटबॉलच्या मुंबईतला. तेलाचा आणि फुटबॉलचा हा संबंध योगायोगाचा नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात मुंबईत सर्वांत जोमाने नोकऱ्या देणाऱ्यांत तेल कंपन्या होत्या.

चेंबूरजवळच्या माहुलचं रूप पालटलं तेही याच काळात. खाडीकाठचं कोळ्यांचं गाव, समोर शिवडीची दलदल, अलीकडे फ्लेमिंगो बघायला लोक येतात ती. १९५४-५५ मध्ये गावाच्या शेजारी आधी स्टॅनव्हॅकचा आणि मग बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. सत्तरच्या दशकात राष्ट्रीयीकरण होऊन त्यांचे हिंदुस्तान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम झाले. पलीकडे खत कारखाना आला, म्हणजे आजचा आरसीएफ. या कंपन्यांच्या वसाहतींत मैदानं होती, क्रीडा कोट्यातून भरलेले खेळाडू होते. आरसीएफ आणि भारत पेट्रोलियम ही नावं मुंबईच्या स्थानिक लीगमध्ये वर्षानुवर्षं दिसत राहिली. पाळी संपवून निघालेला कामगार आपल्याच खात्यातल्या पोराला खेळताना बघायचा. तिकीट नाही, खुर्ची नाही, बांधावर उभं राहायचं.

ही रचना हळूहळू विरली. गिरण्या १९८२ च्या संपानंतर उठल्याच नाहीत. दूरदर्शन आलं, क्रिकेटचा विश्वचषक आला, आणि नव्वदीनंतर खेळाडूंना नोकरी देणं कंपन्यांना परवडेनासं झालं. रोव्हर्स कप २०००-०१ नंतर भरला नाही. २००५-०६ चं राष्ट्रीय विजेतेपद मिळवणारा महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. एका मोठ्या उद्योगसमूहाने राष्ट्रीय पातळीवर जिंकलेला संघ चार वर्षांत मोडीत काढावा आणि शहरात त्याची फारशी हळहळही होऊ नये, यावरून मुंबईच्या फुटबॉलचा प्रेक्षक तोवर किती आटला होता ते कळतं.

मग २०१४ साली इंडियन सुपर लीग आली आणि तिच्याबरोबर फुटबॉलचं सीझन तिकीट आलं. शहराचा संघ मुंबई सिटी: रणबीर कपूर मालकांपैकी एक, मैदानावर ल्युंगबर्ग आणि अनेल्का, आणि नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, पन्नास हजारांहून मोठं. घरचा पहिलाच सामना संघाने पुणे सिटीविरुद्ध ५-० असा जिंकला. हौसेने तिकिटं घेतलेल्यांना मग शोध लागला की अंधेरी-बोरिवलीहून नेरूळ गाठणं हा एक स्वतंत्र खेळ आहे. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला. वीरा देसाई रोडवरचं शहाजीराजे भोसले क्रीडासंकुल, जिथे १९९६ साली मायकल जॅक्सन नाचून गेला होता, त्याचं नामकरण झालं मुंबई फुटबॉल अरेना. प्रेक्षक मावणार जेमतेम सात-आठ हजार. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये भारताने तिथे पोर्तो रिकोला ४-१ असं हरवलं. मुंबईत आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना व्हायला मध्ये ६१ वर्षं गेली होती.

लहान मैदानाचा एक फायदा असतो, चार हजार माणसांतही ते भरल्यासारखं वाटतं. तोटा असा की दोन हजार आले तर लपवता येत नाही. १ जून २०१८ ला इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये भारताने चिनी तैपेईचा ५-० असा फडशा पाडला, कर्णधार सुनील छेत्रीने तीन गोल केले आणि अधिकृत प्रेक्षकसंख्या होती २,५६९. दुसऱ्या दिवशी छेत्रीने मोबाइलसमोर उभं राहून एक छोटी चित्रफीत टाकली. मथितार्थ असा की शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या. विराट कोहलीने, सचिन तेंडुलकरने ती पुढे पाठवली. ४ जूनला केनियाविरुद्ध छेत्रीचा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना होता. तिकिटं संपली. वर मुंबईचा जूनमधला पाऊस कोसळत होता, मैदानावर पाणी साचून चेंडू जागच्या जागी थांबत होता आणि स्टँडमधला एक माणूस उठत नव्हता. भारत ३-० असा जिंकला. १० जूनच्या अंतिम सामन्यातले दोन्ही गोलही छेत्रीचेच, आणि त्या दोन गोलांनिशी त्याने आंतरराष्ट्रीय गोलसंख्येत मेस्सीला गाठलं.

याला चमत्कार म्हणणं सोपं आहे. पण त्या चार दिवसांत संघ बदलला नव्हता, मैदान बदललं नव्हतं, तिकिटाचा दर बदलला नव्हता. बदललं ते एवढंच, की कुणीतरी थेट हाक मारली. आणि एका हाकेने भरलेलं मैदान दुसऱ्या हाकेपर्यंत भरलेलं राहतंच असं नाही, हे पुढच्या लीग हंगामात दिसलंच.

सीझन तिकीटधारकाची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण त्याने पैसे आधीच दिलेले असतात. हंगाम सुरू होण्याआधी उत्साहात तिकीट घेतलं जातं. संघाची जर्सी, स्कार्फ, सगळं. मग वेळापत्रक येतं. अमुक सामना बुधवारी साडेसातला. लोकलचा पास काढणाऱ्या मुंबईकराला पैसे भरूनही जागा मिळत नाही. इथे जागा त्याच्या नावाने थांबलेली असते आणि तोच घरी टीव्हीपुढे असतो. ‘वेस्ट कोस्ट ब्रिगेड’सारखे कट्टर पाठीराखे ढोल घेऊन नव्वद मिनिटं उभे असतात. त्यांच्या समोरच्या स्टँडमध्ये मात्र रांगेत तीन माणसं, दोन रिकाम्या खुर्च्या, मग एक माणूस, मग सहा रिकाम्या, असं दातपडकं दृश्य दिसतं. त्या रिकाम्यांतल्या कित्येक विकल्या गेलेल्या असतात किंवा प्रायोजकांना पास म्हणून दिलेल्या असतात. तिकीट खिडकीवर ‘या ब्लॉकमधली संपली’ असं ऐकून परत गेलेल्या पोराला ते दृश्य टीव्हीवर बघायला लागतं.

दोष एकट्या आळसाला देता येणार नाही. माहुलगावातल्या कुणी अंधेरीचं सीझन तिकीट घेतलं असं धरू. कामावरून सुटून बसने चेंबूर, हार्बरने कुर्ला, तिथे पूल ओलांडून मध्य रेल्वेने दोन स्टेशनं पुढे घाटकोपर, घाटकोपरहून मेट्रोने आझाद नगर आणि मग चालत वीरा देसाई रोड. दारावर झडती होते. नाणी, पॉवर बँक, पाण्याची बाटली सगळं बाहेर. बारकोड वाजेपर्यंत पहिली दहा मिनिटं गेलेली. सामना साडेनऊच्या पुढे संपणार आणि तोच प्रवास उलटा. सकाळची पाळी असेल तर हा माणूस हंगामात किती वेळा जाईल? म्हैसूर कॉलनीला मोनोरेलचं स्टेशन आहे, पण तो मार्ग वडाळ्याकडचा. अंधेरीशी त्याचा काडीचा संबंध नाही. एकाच शहरात पश्चिमेची गाडी वेगळी आणि पूर्वेची वेगळी, याची किंमत खेळाच्या मैदानालाही मोजावी लागते.

युरोपात हाच प्रश्न उलट परिस्थितीत उभा राहतो. तिथे सीझन तिकिटासाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी असते आणि तरीही मधल्या आठवड्यातल्या रटाळ सामन्याला खुर्च्या उघड्या पडतात. इंग्लंडमधले अनेक क्लब प्रेक्षकसंख्या जाहीर करताना विकलेली तिकिटं मोजतात, आलेली माणसं नाहीत. त्यामुळे फलकावर ‘साठ हजार’ आणि समोर रिकामी रांग असा विनोद घडतो. बायर्न म्युनिकने यावर कडक उपाय काढला: घरच्या १७ साखळी सामन्यांपैकी ठरावीक सामन्यांना तुमचं तिकीट वापरलं गेलं नाही, तर पुढच्या हंगामात ते मिळणार नाही. बार्सिलोनाने मऊ मार्ग धरला. सभासदाने येणार नसल्याचं कळवायचं, क्लब ती जागा विकणार आणि मिळालेल्या पैशांतला वाटा सभासदाला देणार. कागदावर झकास योजना. १४ एप्रिल २०२२ ला युरोपा लीगमध्ये आइनट्राख्ट फ्रँकफर्ट कँप नोऊवर आलं. पाहुण्यांसाठी अधिकृत जागा होत्या ५ हजार. प्रत्यक्षात तीसेक हजार जर्मन पांढऱ्या कपड्यांत आत बसले होते, कारण बार्सिलोनाच्या सभासदांनी आपल्या खुर्च्या सोडल्या किंवा विकल्या होत्या. फ्रँकफर्ट ३-२ ने जिंकलं. स्वतःच्या घरात पाहुण्यासारखं वाटल्याची लाज क्लबच्या अध्यक्षांनी जाहीरपणे व्यक्त केली.

रिकामी खुर्ची परवडली, असं त्या रात्री बार्सिलोनात कुणाला वाटलं असेल तर नवल नाही.

महाराष्ट्रात मात्र एक गाव असं आहे जिथे हा सगळा प्रकार सांगितला तर लोक हसतील. कोल्हापूरचं शाहू स्टेडियम. तिथे संघ फ्रँचायझीचे नाहीत, तालमींचे आणि पेठांचे आहेत: पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. पाटाकडीलचा सामना असला की मंगळवार पेठेतल्या माणसाला तिकीट कशाला घ्यायचं हे समजावून सांगावं लागत नाही. घरातलाच कुणी खेळत असतो, नाहीतर गल्लीतला. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहरातला. भर उन्हात दगडी पायऱ्यांवर दाटीवाटीने माणसं बसतात. तिथल्या आयोजकांची डोकेदुखी रिकाम्या जागा ही नाही, भरलेल्या जागा ही आहे. समर्थकांच्या हुल्लडबाजीमुळे स्पर्धा मध्येच थांबवण्याची पाळी तिथे आलेली आहे. कोल्हापुरी फुटबॉलचं कौतुक करताना ही बाजू झाकायचं कारण नाही, पण माणसं का येतात याचं उत्तर तिथे मिळतं. संघ आपला आहे हे त्यांना जाहिरातीतून कळलेलं नसतं.

मुंबई सिटीला हे नातं जोडायला नशिबानेही फार साथ दिली नाही. २०२०-२१ मध्ये संघाने साखळीतलं अव्वल स्थान आणि अंतिम सामना दोन्ही जिंकले, पण करोनामुळे सगळा हंगाम गोव्यात, प्रेक्षकांविना. २०२४ चा करंडकही त्यांनी कोलकात्यात, मोहन बागानच्या गर्दीसमोर उचलला. आणि आशियाई चँपियन्स लीगसाठी संघ पात्र ठरला तेव्हा अंधेरीचं मैदान चाललं नाही. घरचे सामने पुण्याच्या बालेवाडीत ठेवावे लागले. फक्त सौदीच्या अल हिलालविरुद्धचा सामना, ६ नोव्हेंबर २०२३ चा, नेरूळला आला. नेमार येणार म्हणून लोकांनी तिकिटांवर उड्या घातल्या होत्या. ऑक्टोबरमध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि तो आलाच नाही. तरी डी. वाय. पाटीलवर मोठी गर्दी झाली. मुंबई ०-२ अशी हरली. नेमारसाठी घेतलेल्या तिकिटावर त्या रात्री अनेकांनी पहिल्यांदाच आपल्या शहराचा संघ प्रत्यक्ष पाहिला.

त्यातले किती जण नंतर अंधेरीला गेले हा क्लबच्या हिशेबाचा भाग. प्रवासाचा हिशेब मात्र बदलू घातला आहे. मेट्रो २ बी ही मार्गिका मंडाळेहून निघून मानखुर्द, चेंबूर, कुर्ला, वांद्रे असं करत अंधेरीच्या डी. एन. नगरला जाणार आहे. टप्प्याटप्प्याने तिचं काम चालू आहे. ती शेवटपर्यंत धावू लागली की माहुलच्या माणसाला चेंबूरला बसायचं आणि वीरा देसाई रोडच्या तोंडाशी उतरायचं, गाडी न बदलता. साडेसातच्या सामन्याला साडेसहाला निघता येईल. मग बुधवारी रात्री खुर्ची रिकामी राहिली, तर सीझन तिकीटवाल्याला नवीन सबब शोधावी लागेल.